अंगणातलं जुनं डांबर उखडायचं कसं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

फाटकापासून पोर्चपर्यंत डांबर टाकलेली घरं आता गावखेड्यातही बरीच दिसतात. त्यातल्या पुष्कळ रस्त्यांची कुळकथा एकच असते. गावाचा रस्ता होत होता, ठेकेदाराचा माल उरला किंवा मुकादमाशी बोलून उरवला गेला, आणि जाता जाता आपल्या दारात पडला. खाली खडीकरण नाही, प्राइम कोट (डांबराआधी खडीवर मारायचा पातळ डांबराचा हात) नाही. झाडून घेतलेल्या मुरमावर, कधी तर सरळ काळ्या मातीवर, दोन इंच गरम माल पसरला आणि रोलरने चार फेऱ्या मारल्या. काही पावसाळे तो टिकतो. मग कडा तुटायला लागतात, पोर्चसमोर पाणी साचतं, आणि कापसाची भरलेली ट्रॉली एकदा आत आली की चाकाच्या जागी चर पडतात.

अशा वेळी सल्ला द्यायला सगळे असतात. "काही होत नाई भाऊ, याच्यावरच मारून देऊ एक थर." विदर्भातल्या काळ्या जमिनीवर हा सल्ला बहुतेक वेळा पैसे पाण्यात घालणारा ठरतो. रस्ता फुटतो तो वरच्या डांबरामुळे क्वचितच. खालची माती आणि तिच्यात मुरणारं पाणी त्याला फोडतं. जुनं डांबर काढण्याचा खरा फायदा हाच की ती माती एकदा डोळ्यांना दिसते.

काढायचं की नाही

सगळ्यांनाच काढावं लागतं असंही नाही. उन्हाने पृष्ठभाग पांढुरका पडला आहे, बारीक गिट्टी सुटून झाडूला येते, पण सब्बल आपटली तर टणक आवाज येतो, असा रस्ता वरून थर घेऊ शकतो. एकदोन खड्डे असतील तर त्यांच्या चारही बाजू सरळ चौकोनी कापून तेवढीच जागा भरता येते.

जाळीदार भेगा दिसल्या तर विषय वेगळा. हाताच्या पंजाएवढे तुकडे एकमेकांना लागून सुटे झालेत, गाडी गेली की हलतात, पावसात फटींतून गढूळ पाणी वर येतं, म्हणजे खालचा थर बसला आहे. त्यावर इंच-दीड इंच नवं डांबर टाकलं की एकदोन पावसाळ्यांत तीच जाळी वर उमटते. कडेपासून फूट-दोन फूट आत, कडेला समांतर गेलेली लांबच लांब भेग असेल तर तो काळ्या मातीचा ठसा समजा. डांबराखालची मधली माती ओलसर राहते आणि कडेची उन्हाळ्यात वाळून आकसते, त्या ओढाताणीत रस्ता तिथेच फाटतो.

आणखी एक कारण उंचीचं आहे. जोत्याची पायरी आधीच बुटकी झाली असेल, फाटक खाली घासत असेल, तर वर थर टाकणं म्हणजे पावसाचं पाणी पोर्चमध्ये बोलावणं.

तीन खड्डे

मशीन बोलावण्याआधी फूटभर लांबी-रुंदीचे तीन खड्डे स्वतः खणून पाहा: एक सगळ्यात खराब जागी, एक चांगल्या दिसणाऱ्या जागी, एक कडेला. टिकास आणि सब्बल पुरते. डांबर किती इंच, गिट्टी किती, मुरूम आहे की नाही आणि काळी माती कुठून सुरू होते, हे टेपने मोजून वहीत लिहा. पुढे जेसीबीवाल्याशी आणि ठेकेदाराशी बोलताना हीच वही कामी येते, नाहीतर ते सांगतील ते ऐकावं लागतं.

पश्चिम विदर्भात आणि वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात खाली काळी भारी जमीन असण्याचीच शक्यता जास्त. भंडारा-गोंदियाकडे काही ठिकाणी लाल किंवा पिवळसर माती लागते, तिचा त्रास बराच कमी. मातीच्या रंगावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. खात्री हवी असेल तर माती फुगते किती हे मोजायची भारतीय मानकातली एक सोपी चाचणी आहे, आणि अंदाजापुरती ती घरीही करता येते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून काढायची. १०० मिलीची दोन मोजपात्रं घ्यायची, गावातल्या शाळेत मिळतात. दोन्हींत १०-१० ग्रॅम माती टाकायची, एकात पाणी भरायचं, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि २४ तास हलवायचं नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधली माती १० मिलीवर बसली आणि पाण्यातली १६ वर, तर फुगवटा ६० टक्के झाला. सरकारी रस्त्यांच्या कामात ५० टक्क्यांच्या वर फुगणारी माती भरावाला चालत नाही. आपल्या अंगणासाठीही तीच रेघ मानायला हरकत नाही.

हंगाम

लोक हे काम मे महिन्यात काढतात. लग्नसराई असते, मुलं घरी असतात, वावरात काम नसतं. माझ्या मते तोच सगळ्यात चुकीचा महिना. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर जाणं नवीन नाही, आणि तेव्हा काळ्या डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. रस्त्याला वापरतात त्या व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा मऊ पडण्याचा बिंदू किमान ४७ अंश धरलेला असतो. जुनं डांबर वाळून त्याहून कडक झालेलं असलं तरी दुपारी ते चिवट होतं, तुटायचं सोडून ताणलं जातं, सब्बलला आणि बकेटला चिकटतं. थंडीत सकाळी तेच डांबर खापरीसारखं खाडकन फुटतं.

मे महिन्यातली दुसरी अडचण मोठी आहे. तेव्हा काळी माती वाळून भेगाळलेली असते, पुरी आकसलेली. त्या अवस्थेत तिच्यावर रस्ता बांधला की मृगाचा पाऊस लागताच ती फुगून वर येते आणि नवा रस्ता उचलते. दिवाळी होऊन परतीच्या पावसाची ओल उतरली, जमीन ना चिखल ना दगड अशी झाली की उखडायला घ्या. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत पहाटे गारठा असला तरी दुपारी डांबर टाकायला ऊब पुरते. हवा १० अंशांच्या खाली असताना डांबरीकरण करायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

आधी माल, मग तोडफोड

समजा तुमचा रस्ता १२ फूट रुंद आणि ६० फूट लांब आहे, म्हणजे ७२० चौरस फूट. त्यावर ४० मिलिमीटरचा नवा थर टाकायला सहा टनांच्या आसपास गरम माल लागतो. एवढ्याशासाठी हॉट मिक्स प्लांट कोणी पेटवत नाही. जवळपास कुठलं काम चालू असेल, त्याच्या मालात तुमची एक खेप बसवावी लागते. म्हणून गिट्टी खदानीवर किंवा ठेकेदाराकडे चौकशी करून आठवडा ठरवून घ्या आणि त्याच्या दोन-तीन आठवडे आधी उखडायला सुरुवात करा. उघडं पडलेलं अंगण पुढल्या हंगामापर्यंत तसंच पडून राहिलं की घरातली माणसं तुमच्याशी बोलणं बंद करतात.

मालाचं जमतच नसेल तर डांबराचा हट्ट सोडून गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवायचा विचार करा. काळ्या जमिनीवर गट्टूही वर-खाली होतात, पण काढून परत बसवता येतात. खालचं सगळं काम दोन्हींना सारखंच.

जमिनीखाली आणि डोक्यावर काय आहे

फाटक ते घर या पट्ट्याखालून काय काय जातं ते घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा. नळ योजनेची पाइपलाइन बऱ्याच गावांत फूटभरही खोल नसते. विहिरीच्या किंवा बोअरच्या मोटरची केबल, गोबरगॅसची नळी, अर्थिंगची पट्टी, सांडपाण्याचा पाइप, जे आठवेल त्यावर चुन्याच्या फक्कीने रेघ मारा. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मशीन लावायचं नाही, तिथे हाताने खणायचं.

शोषखड्डा आणि सेप्टिक टँक यांच्यावर तर पाटी लावा. जेसीबीचं वजन साडेसात-आठ टन असतं आणि शोषखड्ड्यावरची फरशी त्यासाठी घातलेली नसते.

वर बघायला मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. खांबावरून घरात आलेली सर्व्हिस वायर, अंगणावरून गेलेली शेजाऱ्याची वायर. जेसीबीचा दांडा आणि हायड्रॉलिक ट्रॉलीचा उचललेला डाला या दोन्ही गोष्टी तारेपर्यंत पोचतात. ट्रॉली कुठे उभी राहील, कुठे रिकामी होईल हे तारा बघून ठरवा आणि गरज असेल तर महावितरणच्या लाइनमनला सांगून तेवढा वेळ वीजपुरवठा बंद करून घ्या.

फाटकाबाहेरचा पट्टा तुमचा नाही. तो ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम विभागाचा असतो. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला हात लावायचा असेल तर आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्या, रस्ता दुसऱ्या खात्याचा असला तर तिथून सांगतील.

मशीन की माणसं

दोनशे-तीनशे चौरस फुटांचं काम असेल, डांबर सुटं झालं असेल, तर चार माणसं सब्बल, घण, टिकास आणि घमेली घेऊन ते करू शकतात. त्याहून मोठ्या कामाला जेसीबी परवडतो. तो तासावर येतो, आणि येण्या-जाण्याचे पैसे, कमीत कमी किती तासांचं भाडं, डिझेल कोणाचं, हे आधीच बोलून घ्यायचं. बकेट दातांची मागा. मशीन येण्याआधी ट्रॅक्टर-ट्रॉली हजर पाहिजे, नाहीतर जेसीबी ट्रॉलीची वाट बघत उभा राहतो आणि मीटर चालू असतो.

किती ट्रॉल्या लागतील त्याचा हिशेब ब्रासमध्ये करा. ७२० चौरस फुटांवर दोन इंच डांबर म्हणजे १२० घनफूट, जागेवर १.२ ब्रास. उखडल्यावर तुकड्यांत पोकळी होते, म्हणून ते पावणेदोन ब्रासच्या आसपास भरतं. वजन साडेसात-आठ टन. आकाराने दोन ट्रॉल्यांत बसेल, पण एका ब्रासचं वजनच साडेचार टनांजवळ जातं. जुन्या ट्रॉलीत काठोकाठ भरू नका, तीन खेपा करा.

कापणं आणि उखडणं

आधी कडा कापून घ्यायच्या. जिथे जुनं डांबर राहणार आहे आणि जिथे काढायचं आहे त्या सीमेवर सूत धरून फक्कीची सरळ रेघ मारा आणि काँक्रीट कटरने डांबराच्या पूर्ण जाडीपर्यंत काप घ्या. सार्वजनिक रस्त्याला जोडणारी कड, पोर्चची पायरी, कंपाउंडच्या भिंतीचा पाया, या तीन जागी काप हवाच. तो नसेल तर बकेटने ओढलेला पापुद्रा आपल्यासोबत पायरीचं प्लास्टर नाहीतर पंचायतीच्या रस्त्याचा लचका घेऊन येतो. कटर चालवताना पाणी सोडत राहायचं. गिट्टीची कोरडी धूळ फुफ्फुसात जाते ती परत निघत नाही. गमछा तोंडाला बांधून ती अडत नाही, नीट मास्क लावा. डोळ्यांना चष्मा, पायात बूट. चपलेवर घण चालवणारा माणूस कामावर ठेवू नका, तो स्वतःच "सवय आहे" म्हणत असला तरी.

मशीनने उखडायला घराच्या टोकापासून सुरुवात करून फाटकाकडे मागे सरकत यायचं. म्हणजे जेसीबी आणि ट्रॉली दोन्ही अजून न उखडलेल्या डांबरावर उभी राहतात. उलट केलं तर सात-आठ टनांचं मशीन उघड्या ओलसर मातीवर नाचतं, ती मळून निघते, आणि जिथे खालचा थर चांगला होता तिथेही तो बिघडतो.

बकेटचे दात डांबराच्या खाली तिरपे घालून पापुद्रा उचलायचा असतो, खणायचं नसतं. चांगला ऑपरेटर फुटा-दीड फुटाच्या लाद्या अलगद सोडवतो आणि खालची खडी जागेवर राहते. घाईतला ऑपरेटर चार इंच जास्त घेतो आणि वर विचारतो, "आलोच हाव त खालचंबी काढून टाकू का?" खालचं काय आहे ते तुमच्या वहीत आहे, त्याप्रमाणे सांगा. या मापाच्या अंगणात गरज नसताना एक इंच जास्त खोदलं की ६० घनफूट माल बाहेर जातो आणि तेवढीच जागा परत भरावी लागते, दाबल्यावर तेवढा राहील इतका जास्तीचा मुरूम आणून. म्हणून मशीन चालू असताना घरचं एक माणूस कायम बघत उभं पाहिजे, पण मशीनच्या फिरण्याच्या कक्षेबाहेर आणि ऑपरेटरला दिसेल असं. लहान मुलांना त्या दिवशी आजोळी पाठवा, जेसीबी बघायला सगळं वेटाळ जमतं.

हाताने काढणार असाल तर तुटलेल्या कडेपासून सुरू करा. एकाने सब्बलचं टोक डांबराखाली सारून दाबायचं, डांबर बोटभर वर आलं की दुसऱ्याने वरून घणाचा घाव घालायचा. उचललेलं डांबर एका घावात फुटतं, जमिनीला टेकलेलं दहा घावांतही नाही. सब्बलखाली विटेचा तुकडा ठेवला तर दाबायला जोर कमी लागतो. उजाडल्यापासून अकरापर्यंत काम, मग सुट्टी. अवजारांना चिकटलेलं डांबर काढायला मजूर डिझेल मागतात. ते मातीत सांडतं, विहीर जवळ असेल तर तिच्यातही उतरतं. अवजारांना आधीच साबणाचं पाणी किंवा थोडं खायचं तेल लावून ठेवलं तर डिझेलची गरज फारशी पडत नाही.

उखडतानाच ढीग वेगळे करा: डांबराच्या लाद्या एकीकडे, स्वच्छ गिट्टी-मुरूम दुसरीकडे, माती तिसरीकडे. नंतर निवडत बसणं कोणाकडूनच होत नाही.

निघालेल्या डांबराचं काय

नाल्यात, तळ्याच्या काठाला किंवा धुऱ्यावर ढकलून द्यायचं नाही. वावरात गेलेला तुकडा वर्षानुवर्षं वखराच्या पासेला लागत राहतो. जाळायचं तर अजिबात नाही, त्या धुरात अंगाला घातक असलेले घटक असतात.

उत्तम उपयोग म्हणजे पांदण. लाद्या घणाने फोडून दीड-दोन इंचांच्या आतल्या करा, थोडा मुरूम मिसळा, आपल्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यातल्या फसणाऱ्या जागी पसरा आणि भर उन्हात दाबा. उन्हाने डांबर जरा मऊ होतं आणि तुकडे एकमेकांना धरतात. डांबर काढायला थंड सकाळ आणि परत दाबायला तापलेली दुपार, असा हा उलटा हिशेब आहे. मोठ्या रस्त्यांवर जुन्या डांबराचा असा फेरवापर सर्रास होतो, इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी आयआरसी १२० ही वेगळी पुस्तिकाही आहे. कोठ्यात मात्र टाकू नका, जनावरं बसतात तिथे ते तापतं.

उघडी पडलेली जमीन

इथे घाई करू नका. मजुरांना एक दिवस सुट्टी द्या आणि स्वतः फिरून बघा. कुठे ओल आहे? पोर्चच्या कोपऱ्याशी असेल तर वर बघा, स्लॅबचा पन्हाळी पाइप तिथेच सुटलेला असतो. फाटकाजवळ असेल तर नळाचा जोड गळत असेल. एका बाजूची माती कायम मऊ असेल तर शोषखड्डा किती फुटांवर आहे ते मोजा. शोषखड्ड्याने पाणी जिरवायचं काम नीट केलं तरी ते पाणी रस्त्याखालच्या काळ्या मातीत जात असेल तर रस्ता फुगणारच. कडुनिंबाची किंवा पिंपळाची मुळं वर आली असतील तर तीही आताच दिसतील. मोठं मूळ तोडण्यापेक्षा रस्ता दोन फूट सरकवणं बरं, झाडही राहतं आणि सावलीही.

मग भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर पायी चालण्याच्या वेगाने या पट्ट्यावरून न्या आणि चाकाकडे बघत सोबत चाला. चाकाखाली जमीन लचकून चाक गेल्यावर परत वर येते, किंवा बाजूला फुगवटा निघतो, ती जागा फक्कीने घेरा. तेवढी खणून काढायची. बाकी जागा घट्ट असेल तर तिला छेडू नका.

खाली फुगणारी काळी माती निघाली तर दोन मार्ग आहेत. पहिला, फूटभर माती काढून तिथे मुरूम भरायचा. आपल्या उदाहरणात ७२० घनफूट जागा, म्हणजे दाबून ७.२ ब्रास, सैल मुरूम ९ ब्रासच्या आसपास लागेल. रॉयल्टीची पावती असलेला मुरूमच घ्या. मुरूम मुठीत ओला करून दाबून बघा. चिकणमातीसारखा हाताला माखला तर तो काळ्या मातीचाच भाऊ आहे, परत पाठवा.

दुसरा मार्ग चुन्याचा. वरच्या सहा इंच काळ्या मातीत विझवलेल्या चुन्याची भुकटी मिसळायची, मातीच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के. ४ टक्के धरला तर या अंगणाला सहा क्विंटलच्या जवळपास चुना लागेल. चुन्याने मातीचा चिकटपणा मोडतो, ती भुसभुशीत होते आणि फुगणं बरंच कमी होतं. मिसळायला गावात आयतं अवजार आहे, ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर. आधी कोरडं फिरवून ढेकळं बारीक करायची, चुना पसरून परत फिरवायचा, मग पाणी शिंपडून पुन्हा. भिंतीजवळ रोटाव्हेटर जात नाही, तिथे फावडं. वारा असेल त्या दिवशी चुना उधळू नका, डोळ्यांत गेला तर इजा होते. लगेच दाबून घ्या आणि आठवडाभर ओलं ठेवा. मुरूम दूरवरून आणावा लागणार असेल तर मी चुन्याच्या बाजूने आहे. मुरूम गावाजवळच मिळत असेल तर उगाच त्या खटाटोपात पडू नका.

भराव थराथराने करायचा. रोलर असेल तर दाबून सहा इंचांचा थर, हाताचा दुरमुस असेल तर तीन-चार इंचांचाच. पाणी किती, याची खूण मुठीत मिळते: मुरमाचा गोळा झाला, हात उघडल्यावर टिकला, पण पाणी सुटलं नाही, म्हणजे जमलं. थरथरणारं प्लेट कॉम्पॅक्टर मुरूम-गिट्टीला छान बसवतं, काळ्या मातीवर मात्र त्याचा उपयोग नाही. तिथे दुरमुस किंवा बेबी रोलर लावा. नुसता ट्रॅक्टर इकडून तिकडे फिरवणं म्हणजे दाबणं नव्हे, त्याने चाकांच्या दोन पट्ट्या तेवढ्या घट्ट होतात.

ढाळ आणि नाली

पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि सूत घ्या, ढाळ डोळ्यांनी ठरवू नका. रस्त्याला रुंदीत दोन ते अडीच टक्के ढाळ लागतो. १२ फूट रुंदीला एकाच बाजूला उतार दिला तर एका कडेपासून दुसरीपर्यंत तीन-साडेतीन इंचांचा फरक यायला हवा, आणि तो घरापासून दूर. हा उतार खालच्या थरालाच द्यायचा. खाली सपाट ठेवून डांबराची जाडी कमी-जास्त करून ढाळ काढतो म्हणणारा ठेकेदार पातळ कडा देऊन जातो.

उताराच्या बाजूला नाली काढा आणि तिचं तोंड कुठे उघडतं ते आधी ठरवा. शेजाऱ्याच्या अंगणात उघडलं तर पुढचं सगळं ग्रामपंचायतीत होईल. दोन्ही कडांना दगडाची किंवा काँक्रीटची पट्टी लावून घेतली तर डांबराला खांदा मिळतो आणि ट्रॅक्टर वळताना कड तुटत नाही.

मधेच अवकाळी पाऊस आला तर पट्ट्याच्या सगळ्यात खालच्या टोकाला लगेच एक चर मारून पाणी बाहेर काढा. साचू दिलं तर वाळायला आठवडा जातो, आणि ओल्या थरावर डांबर टाकायची घाई करणारा माणूस नेमका त्याच आठवड्यात फोन करतो.

डांबर येण्याआधी

खाली खडीचा थर बसवून झाला की वरची धूळ झाडूने काढा, खडीचे दाणे उघडे दिसले पाहिजेत. त्यावर प्राइम कोट, आणि तो मुरायला शक्यतो २४ तास. तेवढ्या वेळात कोंबड्या, बकऱ्या, दुचाकी कोणालाच आत सोडायचं नाही, दोन्ही टोकांना दोरी बांधा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यासाठी बाजूने फळ्यांची वाट करून ठेवा.

ठेकेदाराला वही दाखवा: थर किती, कुठे माती बदलली, ढाळ कोणत्या बाजूला. आणि फाटकाशी, पायरीशी ज्या उभ्या कडा कटरने कापल्या होत्या त्यांना ब्रशने टॅक कोट (नवं डांबर जुन्या कडेला चिकटावं म्हणून लावायचा पातळ डांबराचा हात) लावायला तोंडाने सांगा, समोर उभं राहून लावून घ्या. न सांगता तो सहसा लावला जात नाही, आणि पहिल्या पावसात पाणी शिरतं ते याच सांध्यातून.